मिशी, मास्क आणि ॲरूबा

प्रश्न : जावयांनी आम्हा दोघांसाठी कॅरिबियन समुद्रातल्या ॲरूबा बेटावर कॅटामरान बोटीची सहल ठरवलीय. त्यात स्नॉर्केलिंगही आहे, म्हणजे मास्क आणि नळी लावून, पाण्यात तोंड घालून समुद्राखालचं बघायचं. तिकिटावर ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहिलंय, त्यानं जीव धास्तावलाय. ह्यांना पंचगंगेत पोहायची आणि मिशीला पीळ द्यायची सवय. मला पोहता येत नाही. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वहिनी, तसलं काही नसतं हो. बोटीवर दारू असते, म्हणून लहान पोरं नकोत, एवढाच अर्थ. दोन सांगाडे जोडलेली ही रुंद बोट कमी डुलते. तरी मळमळीची गोळी निघायच्या आधी घ्या; उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

तुम्ही लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगायचं, तोंडातल्या नळीनं श्वास घ्यायचा. इथंच एखाद्या तलावात उथळ पाण्यात सराव करा. खरी अडचण तुमच्या मालकांची! असल्या मिशीवर मास्क घट्ट बसत नाही, पाणी थेट नाकात. मिशीच्या वरच्या कडेला व्हॅसलीन चोपडायचं. कापा म्हणू नका, घरात भांडण कशाला?

तिथं बुडालेलं ‘अँटिला’ हे जर्मन मालवाहू जहाज जरूर बघा. मे १९४० मध्ये बेटावरच्या डच सत्तेच्या हाती लागू नये म्हणून जर्मनांनी स्वतःच ते बुडवलं. ऑक्सिबेंझोन हे रसायन असलेलं सनस्क्रीन नेऊ नका. प्रवाळाला बाधतं म्हणून ॲरूबात २०२० पासून बंदी आहे. लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला, पाठ हमखास भाजते. आणि पहिला पेला पाण्यातून वर आल्यावरच, हे त्यांना आत्ताच बजावून ठेवा.