दवाखान्याचं आवार, झाडं आणि पाणी: वाचकांचे प्रश्न

रुग्णालयांच्या आवारातली हिरवाई कशी वाढवावी आणि राखावी, याबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

परदेशात रुग्णालयाच्या आवारासाठी वेगळा ‘रेंजर’ असतो असं वाचलं. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्याला आपल्याकडे असं काम मिळेल का? त्यात नेमकं काय करायचं असतं? (वाई)

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या एका संस्थेने २००९ मध्ये ‘एनएचएस फॉरेस्ट’ नावाने सरकारी रुग्णालयांत झाडं लावायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच ‘नेचर रिकव्हरी रेंजर’ आले. एकेक रेंजर ठरावीक रुग्णालयाला जोडलेला असतो. झाडं, गवताचे पट्टे, फुलपाखरांच्या जागा तो राखतो आणि परिचारिकांना, रुग्णांना तिथे आणतो. आपल्याकडे या नावाचं पद नाही, पण काम आहे. बागेची देखभाल कंत्राटाने दिली जाते, रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो, कारखान्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी असतो. सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी २०१५ पासून होणाऱ्या ‘कायाकल्प’ तपासणीत बागेला आणि मोकळ्या आवाराला गुण असल्यामुळे अधिकारी ऐकूनही घेतात.

अर्ज योग्य टेबलावर द्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणून तिथले वैद्यकीय अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाचं, म्हणून वैद्यकीय अधीक्षक आणि वर जिल्हा शल्य चिकित्सक. ही गल्लत झाली की फाईल महिनोन्‌महिने फिरत राहते.

पहिल्या आठवड्यात एकही रोप लावू नका, नकाशा काढा. सेप्टिक टँक, सांडपाण्याच्या नळ्या, जमिनीखालची केबल, वरच्या तारा, ॲम्ब्युलन्स वळते ती जागा, वॉर्डच्या खिडक्या, हे सगळं त्यावर आलं पाहिजे. द्रव ऑक्सिजनची टाकी असेल तर तिच्याभोवती किमान ५ मीटर झाड, सुकं गवत, पालापाचोळा काहीही नको. गळती झाली तर ऑक्सिजनमध्ये भिजलेला पाचोळा एका ठिणगीने भडकतो. काळ्या मातीत मोठं झाड इमारतीपासून ६ मीटरच्या आत नको. ही माती सुकली की आकसते, मुळं ती आणखी सुकवतात आणि जोत्याला भेगा जातात.

मग दुपारी तीन वाजता आवारात फेरी मारा. नातेवाईक डबा घेऊन कुठे टेकलेत, धुतलेलं लुगडं कुठे वाळत घातलंय, ते टिपा. हिरवाईचे खरे गिऱ्हाईक तेच. सावली तिथे हवी, फलकाशेजारी नव्हे. बाक ४५ सेंटिमीटर उंच आणि हात असलेला घ्या, कारण पोटाला टाके असलेला माणूस हातावर जोर देऊनच उठतो. वाट दीड मीटर रुंद ठेवा. चढ १२ मीटरला १ मीटरपेक्षा जास्त असेल तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम निघतो.

आमच्या आरोग्य केंद्रात दर वर्षी १ जुलैला शंभर रोपं लावतात. उन्हाळ्यापर्यंत चार-पाच उरतात. जमीन मुरमाड आहे. (दहिवडी)

दोन चुका आहेत, तारखेची आणि आकड्याची. माण-खटावात जून-जुलैत वारा जास्त, पाऊस कमी. भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. जुलैत लावलेलं रोप दीड महिना वाऱ्यात सुकतं आणि खरा पाऊस येईपर्यंत निम्मं मेलेलं असतं. वनमहोत्सव खुशाल १ जुलैला करा, पण त्या दिवशी पाच रोपं लावा. बाकीची ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जमीन हातभर ओली झाल्यावर लावा.

खड्डे एप्रिलमध्येच घ्या, ९० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. मुरमात खड्डा म्हणजे बादलीच होते: पाणी मुरत नाही, मुळं कुजतात आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं. म्हणून तळ पहारीने आणखी ३० सेंटिमीटर फोडा. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर अजून फोडा. काढलेला मुरूम परत भरू नका. तलावातला गाळ आणि १५ ते २० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून भरा. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते.

रोप चार-पाच फुटांचं घ्या. पिशवी पूर्ण फाडून काढा. तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं असतं, ते कात्रीने कापा. न कापता लावलेलं झाड चार वर्षं छान दिसतं आणि मग वादळात मुळासकट आडवं होतं. बुंधा रुंदावून जिथे मुळं फुटतात, तो भाग जमिनीच्या पातळीला हवा. त्यावर माती चढवू नका. भोवती ८ सेंटिमीटर पाचोळा पसरा, पण बुंध्यापासून चार बोटं दूर.

आता आकडा. थंडीत दर आठ दिवसांनी १५ लिटर पाणी चालतं. मार्च ते मे दर चौथ्या दिवशी २० लिटर लागतं, म्हणजे एका झाडाला आठवड्याला ३५ लिटर. केंद्राकडे ऐन मे महिन्यात आठवड्याला हजार लिटर उरत असेल तर २८ झाडं लावा, शंभर नव्हे. हे पाणी तीन उन्हाळे द्यायचं आहे, आणि दुसऱ्या वर्षी पहिल्या झाडांची तहान संपलेली नसते, म्हणून तेव्हाही हाच हिशेब. कडुनिंब, करंज, हिवर, आपटा, बोर ही तिथली झाडं. बहावा वाढतो, पण सावकाश. शेळ्यांसाठी लोखंडी गार्डपेक्षा बाभळीच्या काट्यांचं कुंपण स्वस्त पडतं आणि चोरीलाही जात नाही.

डायलिसिस विभागातल्या आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही बागेला वळवलं. वर्षभर ठीक होतं. आता पानांच्या कडा करपतात आणि जमिनीवर पांढरा थर येतो. (मिरज)

डायलिसिसच्या एका चार तासांच्या सत्राला मिनिटाला ५०० मिलिलिटर या हिशेबाने सुमारे १२० लिटर द्रावण लागतं. रोज दहा सत्रं असतील तर १२०० लिटर. आरओतून निम्मंच शुद्ध पाणी निघत असेल, तर तितकंच पाणी वाया जातं. ते वापरावं वाटणं बरोबरच आहे. पण आत आलेले जवळजवळ सगळे क्षार या उरलेल्या निम्म्या पाण्यात असतात. बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ७०० असेल तर हे पाणी १४०० च्या आसपास. सिंचनाच्या प्रचलित वर्गवारीत विद्युत वाहकता २२५० मायक्रोसिमेन्सच्या वर गेली की पाणी अति क्षारयुक्त धरतात. टीडीएसमध्ये तो आकडा साधारण १४४०. तुम्ही त्या काठावर आहात.

टीडीएस मीटर सांगत नाही अशी गोष्ट वेगळीच आहे. आरओच्या आधी सॉफ्टनर असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. त्यामुळे बागेत जातं ते नुसतं खारं नव्हे, सोडियमयुक्त पाणी. काळ्या मातीला सोडियम मिळालं की ती फुगते, छिद्रं बुजतात, पाणी वर साचतं. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे समजावायला नको. क्षारपड आणि चोपण म्हणजे काय, हे तो तीन पिढ्या बघतोय.

काय करा: सॉफ्टनर मिठाने धुतला जातो, त्या धुवणाची नळी आधी बागेपासून तोडा आणि सांडपाण्यात सोडा. बहुतेक ठिकाणी दोन्ही नळ्या एकाच पाइपात जोडलेल्या असतात, आणि खरा घोटाळा तिथेच असतो. आरओचं पाणी प्रथम संडासच्या टाक्यांना आणि फरशी धुवायला वापरा. उरलेल्याच्या एका भागात नळाच्या पाण्याचे दोन भाग मिसळून ते करंज आणि नारळाला द्या. गुलाब, जास्वंद आणि कुंड्यांना थेंबही नको. शून्य ते ३० सेंटिमीटर खोलीवरची माती तपासून घ्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम लागेल. त्याचं प्रमाण अहवालावरून ठरवा, आणि आधी चर काढा. निचरा नसताना टाकलेलं जिप्सम म्हणजे वाया गेलेले पैसे.

मशीनमधून रुग्णाच्या शरीरातली द्रव्यं घेऊन बाहेर पडणारं पाणी मात्र कोणत्याही सबबीवर बागेत नको. ते सांडपाणी प्रक्रियेकडेच जायला हवं.

आवारातल्या जुन्या कडुनिंबाला दोन वर्षांपूर्वी फरशीचा पार बांधला. आता शेंडे वाळतात. (कराड)

आधी आजूबाजूचे कडुनिंब बघा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सगळ्यांचेच शेंडे तपकिरी झाले असतील तर तो बुरशीचा शेंडेमर रोग असू शकतो. त्यातून बहुतेक झाडं पुन्हा पालवतात. तुमचं एकटंच वाळत असेल तर पारावर संशय घ्या. पार बांधताना आत दीड-दोन फूट भराव टाकतात, वर सिमेंट. अन्न-पाणी घेणारी मुळं जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये असतात. ती गुदमरतात आणि बुंध्याची साल ओलीत कुजते. बुंध्याभोवतीची फरशी एक मीटरपर्यंत काढा. भराव हाताने उकरून मूळ जमीन दिसेपर्यंत खाली जा. फावडं बुंध्याला लागू देऊ नका. साल काळी पडून मऊ झाली असेल तर उघडी राहू द्या. डांबर, चुना काही फासू नका. बसायला कडेची भिंत राहू दे.

साप निघतात आणि डासही होतात म्हणून सगळी झुडपं काढा, असं कर्मचारी म्हणतात. (शिराळा)

शिराळ्याहून सापाचा प्रश्न येणारच! साप उंदरांमागे येतो, उंदीर उष्ट्या अन्नामागे. झुडपं काढली आणि मोडक्या खाटा, विटांचे ढीग तसेच ठेवले तर साप तिथेच राहील. भिंतीलगत ३ मीटरचा पट्टा मोकळा, गवत बोटभर उंच. झुडपांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून ३० सेंटिमीटरपर्यंत छाटा, म्हणजे बुडखा दिसतो. मोरीच्या तोंडाला अर्ध्या सेंटिमीटरची जाळी लावा. साप निघाला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

डेंग्यूचा डास झुडपात जन्मत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो: कुंडीखालची ताटली, जुना टायर, झाडाची ढोली. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं कोरडं करा. ढोलीत वाळू भरा.

आणि वॉर्डच्या खिडकीतून दिसणारी झाडं तरी ठेवाच. १९८४ मध्ये रॉजर उल्रिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. नमुना लहान आहे, पण मुद्दा अधीक्षकांना पटतो.

श्रमदानात मुलांना आणावं का? मागे गवतात सुई सापडली होती. (विटा)

अठरा वर्षांखालील नकोत. मोठ्यांनी जाड तळाचे बूट आणि चामडी हातमोजे घालावेत. गवत हाताने उपटण्याआधी दाताळं फिरवा. सुई चिमट्यानेच उचला आणि रुग्णालयाच्या पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाका. टोपण लावायला जाऊ नका. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच डॉक्टरांकडे जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. माळीकाकांना हेपॅटायटिस-बीचे तीन डोस (पहिला, एका महिन्याने, सहा महिन्यांनी) कामावर घेतानाच द्या.

कुंपणाला कोनोकार्पस लावलाय. काढावा का? (तासगाव)

काढा. परागकणांच्या तक्रारींमुळे गुजरातने २०२३ मध्ये या परदेशी शोभेच्या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, आणि मुळं नळ्यांत शिरतात ते वेगळंच. शहर हद्दीत असाल तर तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. नुसता छाटला तर पुन्हा फुटतो, बुडखा खणून काढावा लागतो. जागी अडुळसा लावा. शेळी त्याला तोंड लावत नाही. जून-जुलैत तीन-चार डोळ्यांच्या वीतभर काड्या ४५ सेंटिमीटरवर खोचा. दोन डोळे मातीत हवेत आणि काडी उलटी लागता कामा नये. उलटी लागलेली काडी फुटत नाही, आणि मजुरांकडून दहात एखादी उलटी लागतेच.