वाचकांचे प्रश्न : चीनचा इतिहास वाचायला कुठून घ्यावा?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी असे लिहून गेलो की शाळेत असल्यापासून मी चीनचा इतिहास वाचत आलो आहे. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील तीन येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले असून नेरुळला राहते. तुमचे ते वाक्य वाचून चीनच्या इतिहासाचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणला. पण शांग, चौ, छिन, हान असे एकामागून एक राजवंश येत गेले आणि दीडशे पानांतच मी थकले. तुम्हाला ही गोडी कशी लागली आणि मी सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपण थकलात यात आपला काहीही दोष नाही. महाराष्ट्राची ओळख करून घ्यायला आलेल्या परक्या माणसाच्या हाती आपण सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव अशी यादी ठेवली, तर तोही दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही. अशी यादी बरेच वाचून झालेल्याच्या सोयीची असते. नवख्याच्या ती उपयोगाची नाही.

माझे म्हणाल तर मी ठाण्याचा, नौपाड्यात वाढलेला. 1893 मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की मुलांना दुसरा आसरा नसे. तेथे मुखपृष्ठ निखळलेले एक पुस्तक हाती लागले, त्यामुळे त्याचे नाव मला तेव्हाही कळले नाही. त्यात पुढील प्रसंग होता.

इ.स.पूर्व 227 मध्ये येन राज्याच्या युवराजाने छिनच्या राजाला मारण्यासाठी चिंग ख नावाचा माणूस पाठवला. नजराणा म्हणून त्याच्याजवळ राजाच्या एका फरारी सेनापतीचे शिर आणि सुपीक मुलखाचा गुंडाळलेला नकाशा होता. राजा नकाशा उलगडत गेला आणि शेवटच्या वळीतून खंजीर निघाला. चिंग खने राजाची बाही धरली, ती फाटून त्याच्या हातात आली. राजा उठून पळाला, पण तलवार इतकी लांब की म्यानातून निघेना. दरबारात शस्त्र आणण्याची कोणालाच मुभा नव्हती आणि खाली उभे असलेले सशस्त्र शिपाई हुकमावाचून वर येऊ शकत नव्हते. राजा खांबाभोवती फिरतो आहे, मारेकरी मागे आहे, आणि सारे मंत्री रिकाम्या हातांनी पाहत आहेत! एवढ्यात राजवैद्याने हातातली औषधांची पिशवी मारेकऱ्यावर फेकली. तेवढ्या सवडीत कोणीतरी ओरडले की तलवार पाठीवर घ्या. तशी ती निघाली आणि पहिलाच वार चिंग खच्या मांडीवर बसला. हाच राजा सहा वर्षांनी, इ.स.पूर्व 221 मध्ये, अखंड चीनचा पहिला सम्राट झाला.

मला मारेकऱ्यापेक्षा त्या वैद्याच्या पिशवीचे नवल वाटले. एवढी बारीक गोष्ट लिहिणाऱ्याला कळली कशी? याचे उत्तर मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली. हा प्रसंग लिहिणारा इतिहासकार सिमा छ्येन याने त्या अध्यायाच्या शेवटी स्वतःच सांगून ठेवले आहे की वैद्याच्या परिचयातील दोन माणसांनी ही हकीकत सांगितली, आणि चिंग खने राजाला जखमी केले असे जे लोक बोलतात ते खोटे आहे. (कालगणना पाहता ही हकीकत प्रत्यक्ष ऐकणारा त्याचा बाप असावा, असे अनेक अभ्यासक म्हणतात. बापही दरबारी इतिहासकारच होता, आणि हे काम पुरे कर असे त्याने मरताना मुलाकडून कबूल करून घेतले होते.) दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याला माहिती कोठून मिळाली ते सांगतो आणि बाजारगप्पा खोडून काढतो, हे वाचले त्या दिवसापासून मी या इतिहासाला जो चिकटलो तो आजतागायत.

या सिमा छ्येनवर काय गुदरले तेही वाचायला हवे. इ.स.पूर्व 99 मध्ये ली लिंग नावाचा सेनापती 5000 पायदळ घेऊन उत्तरेच्या श्योंग्नू टोळ्यांशी लढला आणि अखेरीस शरण गेला. दरबारात सगळे त्याच्यावर तुटून पडले असता सिमा छ्येन एकटा त्याच्या बाजूने बोलला, आणि त्याचा अर्थ सम्राटाची निंदा असा लावला गेला. दंड भरून सुटायला पैसे नव्हते. पुढ्यात मृत्यू होता किंवा खच्चीकरण, आणि अब्रूदार माणूस अशा वेळी मरण पत्करी. ग्रंथ अपुरा राहील म्हणून त्याने दुसरी शिक्षा पत्करली. तो ग्रंथ, ‘शिजी’, 130 अध्यायांचा आहे. रेन आन या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मरण सर्वांनाच आहे. मात्र एखाद्याचे थाय पर्वताहून जड असते, तर एखाद्याचे हंसाच्या पिसाहून हलके.

तेव्हा आपण तो जाडजूड ग्रंथ तूर्त कपाटात ठेवा. ‘शिजी’तील निवडक चरित्रांची इंग्रजी भाषांतरे मिळतात, त्यांतले आठवड्याला एक वाचा. मारेकरी, व्यापारी, शब्दाला जागणारे गुंड, सगळे त्यात भेटतात. अशी दहा-बारा माणसे ओळखीची झाली की कोणता राजवंश कोणानंतर आला हे आपोआप लक्षात राहते.

प्रश्न : एकाच माणसाचे नाव तीन पुस्तकांत तीन प्रकारे येते. लक्षात कसे ठेवावे? (एक विद्यार्थी, कोपरखैरणे)

उत्तर : जुनी इंग्रजी पुस्तके चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची वेड व जाइल्स या दोघा इंग्रजांची पद्धत वापरतात, तर नवी पुस्तके 1958 मध्ये चीनने स्वीकारलेली पिनयिन वापरतात. त्यामुळे जुना ‘स्सुमा चिएन’ आणि नवा ‘सिमा छ्येन’ हे एकच. एक वही करा आणि प्रत्येक नाव देवनागरीत लिहून त्यापुढे त्याची रोमन रूपे मांडा. माझ्या वहीची आता तिसरी बांधणी चालू आहे.

या कामी मराठी माणसाला इंग्रजाहून सोपे जाते, हे मात्र मुद्दाम सांगतो. पिनयिनमधला ‘बी’ म्हणजे आपला ‘प’ आणि ‘पी’ म्हणजे ‘फळा’तला ‘फ’. ‘डी’ म्हणजे ‘त’ आणि ‘टी’ म्हणजे ‘थ’. म्हणून बीजिंगचा उच्चार ‘पेइचिंग’च्या जवळ जातो. त्याहून गमतीची गोष्ट अशी की ‘चिमटा’ आणि ‘चमचा’ यांतले दोन वेगळे ‘च’ आपण लहानपणापासून बोलतो, आणि चिनी भाषेतही ते दोन्ही आहेत: पिनयिनचा ‘जे’ हा चिमट्यातला, आणि ‘झेड’ हा चमच्यातला. त्यामुळे जुन्या मराठी वर्तमानपत्रांतले ‘माओ त्से तुंग’ हे हल्लीच्या ‘झेडाँग’पेक्षा मूळ उच्चाराला अधिक धरून होते. पाठ्यपुस्तकातला ह्युएनत्संग हा मुळात शुआनचांग. त्याच्या शेवटच्या अक्षरात हाच चमच्यातला ‘च’ आहे.

प्रश्न : माझे वडील 1962 ची आठवण काढतात आणि शत्रूचा इतिहास कशाला वाचायचा, असे विचारतात. त्यांना काय सांगू? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : वडिलांशी वाद घालू नका, त्या वर्षीचा हिवाळा ज्यांनी पाहिला त्यांचा सल खरा आहे. शेजाऱ्याची माहिती असावी हे कारण लोक देतात आणि ते योग्यही आहे, परंतु त्या कारणाने कोणी पन्नास वर्षे वाचत राहत नाही. शिवाय हिशेब काढायचाच तर तो दोन्ही बाजूंचा काढावा लागेल. 1839 मध्ये लिन त्सश्यू या अधिकाऱ्याने ग्वांगतोंग प्रांतातील हूमन येथे अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या मीठ आणि चुना घालून नष्ट केल्या आणि त्यातूनच पहिले अफूयुद्ध पेटले. चीनमध्ये जाणारी अफू मुख्यतः हिंदुस्थानातली. बंगालची कलकत्त्याहून निघे, आणि माळव्याची मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून. त्या पैशावर मुंबईत काय काय उभे राहिले, हे शोधू लागलात तर एक निराळाच विषय हाती लागेल.

वडिलांसाठी मात्र शुआनचांगच पुरे. 641 च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला होता. येथील राजा दुसरा पुलकेशी हर्षाला नमला नाही, हे त्याने नोंदवले आहे. येथील लोक साधे पण मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी सूचना देतात, आणि हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकी वस्त्रे देतात, असे तो लिहितो. तेवढी दोन पाने वडिलांना वाचून दाखवा. लढाईपूर्वी हत्तींना दारू पाजण्याचा भाग आला की पुस्तक ते बहुधा तुमच्या हातातून घेतील.