खोललेली गाडी विकायची म्हणतोस तर

पोरा, आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, काका आता नाही होत, स्पिटफायर काढून टाकतो, आणि मग लगेच गप्प बसलास, जसं काय मी रागावणारच. रागवायचं कामून? ट्रायम्फ कंपनीची ती जुनी इंग्लिश गाडी, चार वर्षं झाली आखाड्यावरल्या शेडमध्ये खोलून उभी आहे, दसरा आला की बाजूला सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी लागते, तुझे वडील तोंडानं काही बोलत नाहीत पण थप्पी दरवर्षी गाडीच्या जरा जवळ सरकते हे मी बघितलंय. आता तुझी नोकरी पुण्याला, लग्न तोंडावर, आणि महिन्यातून एक रविवार सेलूला येऊन असली गाडी होत नसते. विकायचं ठरवलंस ते बरोबरच केलंस. कशी विकायची त्याचं मात्र बोलू.

आधी ती खर्चाची वही कपाटात ठेव. त्यातला आकडा तुझा आहे, घेणाऱ्याचा नाही. त्याचा हिशोब उलटा चालतो, गाडी पूर्ण झाली तर किती येतील, त्यातून पत्र्याचं काम गेलं, रंग गेला, क्रोम, सीटा, वायरिंग गेलं, आणि वर त्याच्या डोक्याच्या तापाचे पैसे वेगळेच, उरलं ते तुझं. वहीच्या निम्मे आले तरी हात जोडून घे. आणि रेअर आहे रेअर आहे असं दहा वेळा म्हणू नको, १९६२ ते १९८० मध्ये स्पिटफायर तीन लाखांच्या वर बनल्यात, रेअर आपल्याकडं आहे, इंग्लंडात नाही, आणि शहाणं गिऱ्हाईक हे घरूनच वाचून येतं.

आता खरी गोष्ट, डाव्या बाजूची सील. दाराखालची ती पेटी तू ग्राइंडरनं कापून काढलीस, नवीन पत्रा वाकवून ठेवला, आणि तिथंच काम थांबलं. ही गाडी त्याच कंपनीच्या हेराल्डच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बनलीय, चेसिस आखूड केली आणि हेराल्डला बाजूनं जे रेल होते ते काढून टाकले, म्हणून हिच्यात सील नुसता शोभेचा पत्रा नाही, गाडीचा भार तिच्यावर असतो. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घ्यायचा असतो. तू घेतला नाहीस, मी पण तेव्हा नव्हतो तिथं. मागच्या वेळी आलो तेव्हा मी दार लावून बघितलं, वरच्या बाजूला फटीत पोस्टकार्ड जाईना आणि खाली माझं बोट आरामात जात होतं. म्हणजे गाडी मध्ये बसली. हे गिऱ्हाईकाला तू स्वतः सांग, चहा यायच्या आधी सांग, दार उघडून दाखव. पुट्टी लावून झाकायचा विचार मनात आला असेल तर माझं ऐक.

माझी हेराल्ड होती, तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. अर्धवट राहिली, विकायला काढली, मागच्या चाकाच्या कमानीला सडलेला पत्रा होता तिथं मी तीन हात पुट्टी मारून वर रंग दिला, इतका चकाचक की मलाच खरा वाटायला लागला. नांदेडहून एक म्हातारे गृहस्थ आले, खिशातून स्पीकरचं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पत्र्यावरून फिरवायला लागले. दारावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं, कमानीवर आलं आणि टपकन खाली पडलं. काही बोलले नाहीत. चुंबक उचललं, चहा पिला, बायकोला नमस्कार केला, गेले. जुन्या गाड्यांचं वेड असलेली माणसं मराठवाड्यात मोजकी, त्यांचं एकमेकांत रोजचं बोलणं, त्यानंतर माझ्या दारात कुणी आलं नाही. शेवटी वजनावर गेली, जालन्याच्या भट्टीत जाऊन कुणाच्या तरी स्लॅबची सळई झाली असेल. डिक्कीचं हँडल तेवढं माझ्या ड्रॉवरला लावलंय.

दुसरं, ती विटांवरून खाली घे. चार चाकं लाव, स्टेअरिंग जोड, ढकलली तर ढकलता आली पाहिजे. विटांवरची गाडी बघितली की माणसाला भंगार दिसतं, ढकलता येणारी बघितली की गाडी दिसते, आणि टेम्पोत चढवायची कशी हा त्याचा अर्धा घोर तिथंच मिटतो. चाकं लावताना पुढच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढचं चाक वळतं त्या आट्याच्या सांध्यात, ईपी ९० गिअर ऑइल भर. ग्रीस नाही, ऑइल. आपल्याकडं मेस्त्री दिसेल त्या निपलला ग्रीसगन लावतो, इथं ग्रीस आटे धरून बसतं, ऑइल आत पोचत नाही, पाणी मुरतं, आटे सडतात आणि एक दिवस चाक आडवं पडतं. तू किती साली काय भरलं ते पण गिऱ्हाईकाला सांग.

पार्ट सुटे विकू नको. फोन येतील, फक्त दोन एसयू कार्ब्युरेटर द्या, फक्त मीटर द्या, आणि भाव पण चांगला सांगतील. ते दिले की उरलेली गाडी कुणी घेत नाही, कारण घेणाऱ्याला तेच आधी शोधावं लागणार. मूळ ११४७ सीसी इंजिनाचा ब्लॉक गोणपाटाखाली पडलाय तो पण गाडीसोबतच जाऊ दे, आरसीवर नंबर त्याचा आहे, आत बसवलेल्या हेराल्डच्या ९४८ चा नाही. ही गोष्ट लपली तर पुढं आरटीओत उघडी पडते आणि शिव्या तुलाच बसतात.

व्हिंटेज नंबर करून देतो असा शब्द कुणाला देऊ नको. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, फी २० हजार, हे खरं, वयात तुझी १९६५ ची बसते. पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको अशी अट आहे, आणि कापलेली सील नि दुसरं इंजिन बघून ऑफिसर काय म्हणेल ते तू कशाला सांगतोस. तो घेणाऱ्याचा प्रश्न. तुझा प्रश्न ट्रान्सफरचा. फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही घेतल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढू नको, आणि २९ तू स्वतः जाऊन जमा कर, बाँडवर लिहून घेतलं म्हणून निवांत बसू नको. रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. उद्या तो गाडी चालू करून कुणाला धडकला तर नोटीस पुण्यात तुझ्या नव्या घरी येईल. आणि कुणी न बघताच फोनवर भाव फायनल करून क्यूआर पाठवला तर सरळ फोन कट कर, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

बारक्या नट-बोल्टांचे ते डबे मला आठवतात, रंगाच्या रिकाम्या डब्यात सगळं एकत्र. मी शनिवारी येतो, तू जाड पॉलिथिनच्या पिशव्या आणि परमनंट मार्कर आणून ठेव, एकेक पिशवीवर कुठलं काय ते लिहू, दोन दिवस जातील पण जाऊ दे. आठवणार नाही ते 'माहीत नाही' म्हणून लिहू. फोटो सकाळच्या उन्हात काढ, सडलेल्या जागांचे आधी.

अन माझा अर्ध्या इंचाचा पाना तुझ्याकडंच राहिलाय. तो गाडीसोबत विकू नको.

तुझा काका