स्क्रू फिरवला की कानस चालवली?

‘ट्रिगर जड लागत होता म्हणून घरीच उघडलं’ अशी सुरुवात असलेली पत्रं मला अधूनमधून येतात. तुमच्या पत्रात गोष्ट पुढे गेली आहे. .२२ चं स्पोर्ट पिस्तूल, व्हिडिओ बघून घासलेला सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग), कापलेली स्प्रिंग, आणि रेंजवर स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, सोडताच आपोआप सुटलेली गोळी. नशिबाने ती जमिनीत गेली. आता पोलीस ठाण्याचं पत्र आलंय आणि तुम्ही विचारता, मूळची स्प्रिंग बसवून जमा करू का?

हात लावू नका. घासलेला सिअर काही पुन्हा वाढत नाही, प्रयोगशाळेत ट्रिगरचा भार, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, मोजतात आणि घासल्याच्या खुणाही दिसतात. आज निष्काळजीपणा आहे, उद्या पुरावा नष्ट केल्याचं कलम, भारतीय न्याय संहितेचं २३८, त्याला जोडलं जाईल.

खरी मेख शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये आहे. निर्मिती, विक्री यांच्याच रांगेत तिथे ‘रूपांतर’ आणि ‘दुरुस्ती’ हे शब्द आहेत, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे. उल्लंघनाला कलम २५(१) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. हे कलम धंदा करणाऱ्यांसाठी आहे, घरच्या खटपटीसाठी नाही, असा युक्तिवाद करता येईल. मी करीनही. न्यायालय मानेलच, हे मात्र सांगवत नाही.

म्हणून पहिला प्रश्न एकच: नेमकं काय केलंत? कंपनीने दिलेला समायोजनाचा स्क्रू पुस्तिकेप्रमाणे फिरवणं ही माझ्या मते दुरुस्ती नव्हे. २५ मीटर पिस्तुलाला स्पर्धेत किमान १००० ग्रॅमचा भार लागतो, तो जुळवायला खेळाडू स्क्रू फिरवतातच. कानस आणि पक्कड मात्र त्यात बसत नाही. तुमच्या पत्रात दोन्ही आहेत, तेही मोठ्या कौतुकाने लिहिलेले. ते पत्र आता कुणाला दाखवू नका.

ठाण्याच्या पत्राला १२ दिवस झाले, तुम्ही ते कपाटात ठेवलंत. उद्या सकाळीच वकील सोबत घेऊन पिस्तूल आहे तसं, रिकामं, जमा करा आणि पोच घ्या. कापलेला तुकडा सापडला तर तोही वकिलाच्या स्वाधीन करा. वकिलाच्या सल्ल्याशिवाय जबाबात एक ओळही नको. अटकपूर्व जामिनाचा अर्ज लगेच करायचा की थांबायचं, हे कागद बघून ठरेल. परवाना रद्द का करू नये अशी नोटीस बहुधा वेगळी येईल. ती तरी कपाटात ठेवू नका.