मानद पदवी, आदर्श शिक्षक आणि दीक्षान्त मंच: वाचकांचे प्रश्न

दीक्षान्त समारंभांचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. गुणपत्रिकेतल्या चुका आणि स्थलांतर प्रमाणपत्रे मागे पडतात, आणि मानाच्या पदव्या व पुरस्कार यांविषयीच्या शंका पुढे येतात. या वेळची सगळी पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत.

प्रश्न : माझे वडील गेली तीस वर्षे रक्तदान शिबिरे भरवत आहेत. एका ‘आंतरराष्ट्रीय विद्यापीठा’ने त्यांची मानद डॉक्टरेटसाठी निवड केल्याचे पत्र आले आहे. समारंभ एका हॉटेलात आहे आणि २१,००० रुपये नोंदणी शुल्क भरायचे आहे. ही पदवी खरी मानावी का? (ऐरोली)

उत्तर : मानू नये आणि पैसेही भरू नयेत. आपण पाठवलेली पत्राची प्रत मी दोनदा वाचली. माथ्यावर सोनेरी मुद्रा आहे, तिच्याखाली दोन परदेशी शहरांची नावे आहेत, परंतु ही संस्था कोणत्या कायद्याने स्थापन झाली हे एका ओळीतही सांगितलेले नाही. निवडीचे कारण देणारा परिच्छेद आपल्या वडिलांना जितका लागू पडतो तितकाच कोणत्याही नगरसेवकाला किंवा कंत्राटदाराला लागू पडेल. ‘रक्तदान’ हा शब्द त्यात कुठेच नाही. तळाशी मात्र पैसे भरण्यासाठीचा क्यूआर कोड न विसरता छापलेला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. याखेरीज कोणत्याही संस्थेने आपल्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्द वापरण्याला कलम २३ ने मनाई केली आहे. कलम २४ मधला दंड मात्र जास्तीत जास्त १,००० रुपये, म्हणजे आपल्या वडिलांकडे मागितलेल्या रकमेचा एकविसावा हिस्सा. हा धंदा का फोफावतो याचे उत्तर बरेचसे या हिशेबातच आहे.

खरी मानद पदवी कशी ठरते तेही पाहावे. ठाणे आणि नवी मुंबईतली बहुतेक पारंपरिक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि त्या विद्यापीठाला २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम लागू आहे. त्यानुसार कुलगुरूंनी आधी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्यानंतरच व्यवस्थापन परिषद प्रस्ताव विचारात घेऊ शकते. आणि परिषदेची शिफारस अधिसभेत (सिनेटमध्ये) उपस्थित सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने संमत व्हावी लागते. परीक्षा नाही, प्रबंध नाही, परंतु इतक्या माणसांनी एका नावावर विचार करून हात वर केलेले असतात. सन्मान स्वीकारणाऱ्याने या वाटेवर कुठेही पैसे भरायचे नसतात. वडिलांना हे सांगताना जरा जपून सांगावे, कारण पत्र आल्यापासून त्यांनी चार जणांना फोन केले असतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना एका मान्यताप्राप्त विद्यापीठाने मानद डी.लिट. दिली आहे. गणेशोत्सवाच्या पत्रिकेत त्यांच्या नावाआधी ‘डॉ.’ छापावे की नाही, यावरून समितीत दोन तट पडले आहेत. (नौपाडा)

उत्तर : राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली आहे, मात्र लष्करी आणि विद्याविषयक सन्मान त्यातून वगळले आहेत. त्यामुळे मानद पदवी देण्याघेण्यात गैर काहीच नाही. ती नावाआधी लावावी का, हा प्रश्न संकेताचा आहे. विद्याक्षेत्रातला जुना संकेत असा की मानद पदवीवरून कोणी स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत नाही, आणि मला तो योग्य वाटतो.

आपल्याकडची दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये एलएल.डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये डी.लिट. या मानद पदव्या दिल्या. परंतु त्यांच्या नावाआधीचे ‘डॉ.’ या पदव्यांचे नाही. ते लंडनच्या १९२३ मधील डी.एससी.चे आणि कोलंबियाच्या १९२७ मधील पीएच.डी.चे, म्हणजे प्रबंध लिहून मिळवलेले आहे. दुसरे उदाहरण धोंडो केशव कर्व्यांचे. ज्या मुंबई विद्यापीठाचे ते १८८४ चे बी.ए., त्याच विद्यापीठाने १९५७ मध्ये, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, त्यांना एलएल.डी. दिली, त्याआधी बनारस आणि पुणे विद्यापीठांनी डी.लिट. दिलेली होतीच. एवढ्या पदव्या असूनही महाराष्ट्र त्यांना अण्णा म्हणाला, महर्षी म्हणाला, ‘डॉ. कर्वे’ म्हटले की आजही आपल्याला दुसरेच कोणीतरी आठवते.

पत्रिकेत नावानंतर ‘डी.लिट. (मानद)’ असे छापावे, म्हणजे दोन्ही तटांचे समाधान होईल. उत्सवात आरोग्य तपासणी शिबिर असेल तर त्या फलकावर ‘डॉ.’ मुळीच नको. लोक रक्तदाब मोजून घ्यायला त्यांच्यापुढे रांग लावतील.

प्रश्न : मी वाशीच्या एका महाविद्यालयात बावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवते. प्राचार्यांनी उत्कृष्ट शिक्षक पुरस्कारासाठी अर्ज करायला सांगितले आहे. पुराव्यांची फाइल लावून स्वतःच स्वतःची शिफारस करणे मनाला पटत नाही. शिवाय शिक्षकांचा गौरव दीक्षान्त समारंभात का होत नाही? (वाशी)

उत्तर : आपला संकोच मला समजतो. अशा एका छाननी समितीवर मी बसलो आहे. टेबलावर अकरा फाइली होत्या. सर्वांत जाड फाइलीत कार्यशाळांची प्रमाणपत्रे, वृक्षारोपणाची रंगीत छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतली कात्रणे होती. शिकवण्याविषयी दीड पान. सर्वांत बारीक फाइल रात्र महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकाची होती आणि तिच्यात विद्यार्थ्यांची चार पत्रे होती. एका मुलीने लिहिले होते की तिची तेरीज, म्हणजे जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळत नव्हती, तेव्हा सरांनी चूक दाखवली नाही. कोणत्या पानापर्यंत जुळते, एवढेच विचारले आणि ते पुढच्या बाकाकडे गेले. शिकवणे म्हणजे काय हे त्या एका वाक्यातून जितके कळले तितके बाकीच्या दहा फाइलींमधून कळले नाही. गुणदान तक्त्यात अशा पत्रांसाठी रकानाच नव्हता. पुरस्कार जाड फाइलीला गेला, आणि त्या निर्णयाखाली माझीही सही आहे.

शिक्षकाने स्वतः अर्ज करण्याची पद्धत आता वरपर्यंत रुळली आहे. १९५८ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठीही शालेय शिक्षक २०१८ पासून स्वतःच संकेतस्थळावर नाव नोंदवतात. उच्च शिक्षणातले शिक्षक या पुरस्काराच्या कक्षेत २०२३ मध्ये आले. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात निराळी रीत आहे. तेथे उत्तम अध्यापनाचे अध्यक्षीय पुरस्कार १९९१ मध्ये सुरू झाले. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि सहकारी नावे सुचवतात, आणि पुरस्कार पदवीदानाच्या मंचावरच दिले जातात. त्याहून मला आवडते ती १९५९ पासूनची तेथली प्रथा: न्यू जर्सी राज्यातल्या माध्यमिक शिक्षकांचा गौरवही त्याच समारंभात होतो. पदवी घेणारा विद्यार्थी मुळात शाळेत घडला, याची ही कबुलीच आहे.

आपल्याकडे शिक्षकांचा गौरव ५ सप्टेंबरला बांधला गेला आणि दीक्षान्त मंच पदकविजेते विद्यार्थी, प्रमुख पाहुणे व क्वचित मानद पदवीधर यांच्यासाठी उरला. शिक्षक झगा घालून मिरवणुकीत चालतात आणि खुर्चीवर जाऊन बसतात. हे बदलायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. कुलसचिवांच्या कार्यक्रमपत्रिकेत दहा मिनिटे वाढली तरी पुरे.

तोवर अर्ज अवश्य करावा, मात्र आपल्या पद्धतीने. छायाचित्रे वगळावीत. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या आठ-दहा विद्यार्थ्यांना, ज्यांना आपल्याकडून आता गुण मिळवायचे नाहीत अशांना, प्रयोगशाळेतला एखादाच प्रसंग लिहून मागावा आणि ती पत्रे फाइलीच्या पहिल्या पानापासून लावावीत. समितीवर एखादा तरी वाचणारा असतो.

प्रश्न : आमचे महाविद्यालय स्वायत्त झाले आहे. सुवर्णमहोत्सवात संस्थापकांना आम्ही मानद पदवी देऊ शकतो का? (पाचपाखाडी)

उत्तर : नाही. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम ठरवते आणि परीक्षा घेते, तरी पदवी विद्यापीठाचीच असते. मानपत्र द्यावे आणि ते मन लावून लिहावे. अमेरिकेतल्या एमआयटी किंवा व्हर्जिनिया विद्यापीठासारख्या नामवंत संस्थाही मानद पदव्या देत नाहीत, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेले नाही.

प्रश्न : आमच्या ८८ वर्षांच्या गुरुजींना एका विद्यापीठाने मानद पदवी जाहीर केली आहे, परंतु त्यांना प्रवास झेपणार नाही. पदवी घरी देता येते का? (घोडबंदर रस्ता)

उत्तर : काही विद्यापीठे प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह धरतात, म्हणून कुलसचिवांना आताच लेखी विनंती करावी व वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. दाखला हवा असेल तर मोठा आहे. ऑक्सफर्डने रवींद्रनाथ ठाकुरांना दिलेली डी.लिट. ७ ऑगस्ट १९४० रोजी शांतिनिकेतनात प्रदान झाली. विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून सर मॉरिस ग्वायर आणि सर्वपल्ली राधाकृष्णन तेथे गेले होते. मानपत्र लॅटिनमध्ये वाचले गेले आणि रवींद्रनाथांनी उत्तर संस्कृतमध्ये दिले. विनंतीत एक ओळ आणखी घालावी: घरी मानपत्र पूर्ण वाचले जावे. सभागृहात वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यालाच लागते.