उदाहरणातला कोड सलग का होतो?

प्रश्न : ताई, मी हिंगण्याला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) पायथन लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांमध्ये, फंक्शनची नावं तिरकी दिसतात आणि एक अख्खं उदाहरण परिच्छेदासारखं सलग झालंय. वर-खाली तीन-तीन बॅकटिक (` ही खूण) टाकून पाहिले, तर आणखीच बिघडलं. आणि एवढीशी दुरुस्ती त्या लायब्ररीवाल्यांना पाठवली तर लोक हसतील का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हसतील कशाला? प्रतापनगरच्या आमच्या ऑफिसात नव्या पोट्ट्यांना मी पहिलं काम हेच देते. लोक डॉक्युमेंटेशन वाचत नाहीत रे, उदाहरण उचलतात आणि चालवतात.

आधी फाइलचं एक्स्टेन्शन बघ. 'एमडी' असेल तर मार्कडाउन, 'आरएसटी' असेल तर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट; दोन्ही साध्या मजकुरात खुणा टाकून पान मांडायच्या पद्धती. तुझी लक्षणं आरएसटीची आहेत. मार्कडाउनमध्ये नावाच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक पुरतो. आरएसटीत दोन-दोन लागतात, एकेकच दिला की नाव सहसा तिरकं होतं. तीन बॅकटिकांची चौकट मार्कडाउनची, आरएसटीला ती कळत नाही.

आता ते सलग झालेलं उदाहरण. आधीच्या वाक्याच्या शेवटी दोन कोलन असतील. त्यानंतर एक ओळ रिकामी हवी आणि कोड आत सरकवलेला हवा. ती रिकामी ओळ द्यायची राहून गेली की वरचं वाक्य म्हणजे शब्द आणि खालचा कोड म्हणजे त्याची व्याख्या, असा अर्थ लावला जातो. मग कोडच्या ओळी एकमेकींना चिकटतात. वैताग असा की यावर बहुतेक वेळा साधी वॉर्निंगही येत नाही! म्हणून स्फिंक्सने (आरएसटीपासून वेबपानं बनवणारं साधन) पान आपल्याच मशीनवर बिल्ड कर, म्हणजे तयार कर, आणि ब्राउझरमध्ये डोळ्यांनी बघ.

कमांडचे, दोन हायफनांनी सुरू होणारे ऑप्शनही तपास. साध्या मजकुरात लिहिलेल्या जोडहायफनचा स्फिंक्स लांब डॅश करून टाकतो. वाचक तो कॉपी करतो आणि कमांड आपटते. तिथेही दोन-दोन बॅकटिकच. वर्डमधून आलेली वळणदार अवतरणचिन्हंही काढ, पायथन त्यांवर सिंटॅक्स एरर देतो.

पाठवताना एडिटरचं ऑटो-फॉरमॅट बंद ठेव. नाहीतर चार ओळींच्या दुरुस्तीत चारशे ओळी हललेल्या दिसतील आणि तुझी पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्या, अशी विनंती) कोणी उघडणारही नाही. 'फॉरमॅटिंग सुधारलं' एवढंच लिहू नकोस. कुठलं पान, आधी कसं दिसत होतं, आता कसं दिसतं, ते सांग आणि दोन्हींचे स्क्रीनशॉट जोड.