उत्तर: कॉम्प्युटर व्हिजन आणि मेंदू, दोन्हींत संशोधन करायचंय. पुण्याचा कोर्स लावू का?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंत्र कसं पाहतं आणि मेंदू कसा पाहतो, या दोन्हींवर संशोधन करायचंय. न्यूरोसायन्सची डिग्री नाही. घरचे म्हणतात, पुण्यात सहा महिन्यांचा दीड लाखाचा एआय कोर्स लाव.

भावा, लावू नको. अशा कोर्समध्ये तयार मॉडेल आपल्या डेटावर चालवायला शिकवतात. नोकरीला ते चालेल. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगवरचे दोष कॅमेऱ्यानं पकडायचे असतील तर तेवढ्यावर सुरुवात होते (तिथेही खरी डोकेदुखी मॉडेलपेक्षा लाइटिंगची असते). पीएचडीच्या मुलाखतीत मात्र बघतात ते वेगळंच: गणित हातानं येतं का, आणि स्वतःच्या निकालावर संशय घेता येतो का.

डिग्रीची काळजी सोड. ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९५९ साली मांजराच्या मेंदूत ठरावीक कोनातल्या रेघेला प्रतिसाद देणाऱ्या पेशी दाखवल्या. १९८० साली फुकुशिमा यांनी त्याच धर्तीवर निओकॉग्निट्रॉन हे थराथरांचं कृत्रिम नेटवर्क रचलं. ते जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेतले इंजिनिअर. चित्रं ओळखणाऱ्या आजच्या कन्व्होल्यूशन नेटवर्कची वंशावळ तिथून येते. इंजिनिअर या विषयात पाहुणे कधीच नव्हते.

अभ्यास तीनच गोष्टींचा, पण पक्का: एसव्हीडीपर्यंत (मॅट्रिक्सचे सोपे घटक पाडायची पद्धत) लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटीत पॉयसाँ, बेझ आणि मॅक्झिमम लाइकलीहूड, आणि फूरिए (सिग्नल लाटांत फोडणं). एनपीटीईएलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) हे सगळं फुकट आहे, पैसे फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेचे. बाकी वेळ दोन छोट्या प्रकल्पांना दे.

पहिला प्रकल्प साध्या लॅपटॉपवर होतो, जीपीयू लागत नाही. ओल्सहाउझन आणि फील्ड यांनी १९९६ साली दाखवलं की निसर्गातल्या फोटोंचे बारीक तुकडे मोजक्याच घटकांत मांडायला लावले, तर ते घटक ह्यूबेल-वीझेलच्या पेशींसारखे तिरक्या पट्ट्यांचे निघतात. हेच तू कर. मसाई पठारावर आणि पन्हाळ्याच्या झाडीत वीस-पंचवीस फोटो काढ, ग्रेस्केल कर, त्यातून १२×१२ पिक्सेलचे लाखभर तुकडे काप. प्रत्येक तुकड्याची सरासरी वजा कर, व्हाइटनिंग कर (सगळ्या दिशांतला चढउतार सारखा करणं) आणि सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीतलं फास्ट-आयसीए (एकमेकांपासून स्वतंत्र घटक शोधणारी पद्धत) चालव.

इथं कशाकशात फसायला होतं ते नीट बघ. सरासरी वजा केली की १४४ (१२×१२) पैकी एक दिशा शून्य होते. व्हाइटनिंगमध्ये त्या शून्यानं भागाकार झाला की सगळा कचरा. म्हणून पीसीएचे (सर्वांत जास्त चढउताराच्या दिशा क्रमानं काढणारी पद्धत) शेवटचे घटक टाकून पहिले शंभरेक ठेव. नाहीतर कॅमेऱ्याचा नॉइजच फुगून बुद्धिबळाच्या पटासारखे नमुने येतात. अख्ख्या तुकडाभर पसरलेल्या लाटा दिसल्या तर ते पीसीएचं उत्तर आहे, आयसीए चाललेलंच नाही. जेपीईजी ८×८ च्या चौकटीत फोटो दाबतं, त्या चौकटींच्या कडाही पट्ट्या म्हणून उमटतात. फोनमध्ये रॉ (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) असेल तर तेच घे, नसेल तर फोटो चौथाई आकाराचा कर. फोनचं स्वतःचं शार्पनिंग तर कडा आधीच रंगवून ठेवतं.

मग तेच महाद्वार रोडवरच्या फोटोंवर कर आणि पट्ट्यांच्या कोनांचे हिस्टोग्राम शेजारी ठेव. इमारती, खांब, पाट्या यांमुळे आडव्या-उभ्या पट्ट्या वाढायला हव्यात. पण पिक्सेलची जाळीच आडवी-उभी असते, त्यामुळे थोडा कल तिचाही असतो. फोटो ४५ अंशांत फिरवून तुकडे परत काप आणि कल फोटोबरोबर फिरतो का ते बघ. फोटो काढताना फोन वाकडा धरला असेल तर पुढचं सगळं फुकट. ही ४५ अंशांची तपासणी कुणी न सांगता केलेली दिसली, तर मुलाखत घेणाऱ्याचं निम्मं काम तिथंच झालं.

दुसरा प्रकल्प खऱ्या पेशींचा. अमेरिकेतल्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं उंदराच्या दृष्टिभागाच्या नोंदी मोफत ठेवल्या आहेत. टू-फोटॉन (पेशींची चमक टिपणारा मायक्रोस्कोप) संचातली ‘सेशन बी’ घे: ११८ फोटो, प्रत्येक सुमारे ५० वेळा दाखवलेला. प्रक्रिया केलेल्या फाइलीच उतरव, मूळ व्हिडिओच्या नादाला लागू नको. अ‍ॅलन-एसडीके (हा डेटा वाचायचं पॅकेज) वेगळ्या पायथॉन एन्व्हायर्नमेंटमध्ये बसव, नाहीतर पॅकेजांच्या आवृत्त्यांची भांडणं सुरू होतात. फोटो एखाद्या ट्रेन केलेल्या नेटवर्कमधून काढून त्याच्या मधल्या थरावरून रिज रिग्रेशननं (गुणकांना लगाम घालणारं रिग्रेशन) पेशींचा प्रतिसाद ओळखायचा.

जवळजवळ सगळे नवखे एकाच ठिकाणी आपटतात: सुमारे ५,९०० नोंदी सरळ रँडम वाटून मोकळे होतात. मग तोच फोटो ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही. स्कोअर झकास, अर्थ शून्य. वाटणी फोटोंची करायची, नोंदींची नव्हे. रिजचा लॅम्डाही (लगाम किती घट्ट ते) ट्रेनिंगच्या फोटोंवरच ठरव. आणि फोटो ११८, फीचर (थरातून येणारे आकडे) हजारो, म्हणून आधी पीसीएनं ते कमी कर.

शिवाय तोच फोटो दाखवला तरी पेशी दर वेळी सारखा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे अचूकतेला वरून छत असतं. नोंदींचे दोन भाग करून त्यांचं आपापसातलं कोरिलेशन काढ आणि तुझा आकडा त्याच्या तुलनेत सांग. उंदराला बारीक तपशील दिसत नाही, तेव्हा फोटो ६४×६४ पर्यंत धूसर करूनही बघ. रँडम वेट्सचं, न शिकवलेलं नेटवर्क तुलनेला ठेवायलाच हवं. उंदराच्या डेटावर ते कधी कधी शिकवलेल्याच्या अगदी जवळ येतं. तसं आलं तर लपवू नको, तोच तुझा निकाल.

आता जागा. सगळे पुण्याकडे तोंड करून बसतात, पण तावडे हॉटेलपाशी लागणारा हायवे बेंगळुरूकडेही जातो. आयआयएससीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स इंजिनिअरिंगची मुलं घेतं. थेट पीएचडीची धास्ती वाटत असेल तर आयआयटी मद्रासचं एमएस किंवा आयआयआयटी हैदराबादचं एमएस बाय रिसर्च बघ. हैदराबादची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असते. गेट (एमटेक-पीएचडीची प्रवेशपरीक्षा) तिसऱ्या वर्षालाही देता येते, आणि २०२४ पासून डेटा सायन्स-एआयचा वेगळा पेपर आहे. उन्हाळ्यासाठी देशातल्या विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप आहे. तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या शेवटी भरावे लागतात, एप्रिलमध्ये जाग येऊन उपयोग नाही.

घरच्यांसाठी आकडे: गेटवर एमटेकला महिना १२,४०० रुपये. जेआरएफ या संशोधन फेलोशिपच्या दरानं पीएचडीला पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. पाच-सहा वर्षं लागतात, हेही आत्ताच सांगून टाक.

प्राध्यापकांना ईमेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट’ नको. त्यांच्या एका पेपरमधल्या एका आकृतीवर नेमका प्रश्न, तुझ्या प्रकल्पाची लिंक, आणि कोणत्या महिन्यांत येऊ शकतोस ते; दहा ओळींच्या वर जाऊ नको. एकाच मजकुराच्या वीस मेल एका डिपार्टमेंटला गेल्या तर त्या लोकांत लगेच कळतं. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर, आणि मग पुढच्या लॅबला लिही.